हातातला दोरा कापू नका: ह्मोंग घरांतली बाळं सांभाळताना

मी चौदा वर्षं सेंट पॉलमध्ये राहते, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या राजधानीत. पहिली सहा वर्षं एका पाळणाघरात तान्ह्या मुलांच्या खोलीत काम केलं. आता ज्या बायका स्वतःच्या घरी मुलं सांभाळतात त्यांच्याकडे जाऊन त्यांना लागेल ती मदत करते. त्यांतल्या निम्म्याहून जास्त ह्मोंग आहेत, म्हणजे लाओसच्या डोंगरांतून इथे आलेल्या समाजातल्या. (लिहिताना ‘ह’ आहे, पण बोलताना तो नाकातून जेमतेम निसटतो. ‘मोंग’ म्हटलंत तरी चालतं.) इथे पाळणाघरात नोकरीला लागलेल्या मराठी मुली मला विचारतात, या घरांशी कसं बोलायचं, कुठे जपायचं. प्रत्येकीला फोनवर तेच सांगते, म्हणून यावेळी लिहून काढलं.

सुरुवात माझ्या हातून झालेल्या चुकीपासून करते.

चौदा महिन्यांची मुलगी होती. एका सोमवारी आली ती मनगटावर पांढऱ्या सुती दोऱ्यांचा जुडगा घेऊन, पंधरा-वीस तरी दोरे असतील. दुपारी जेवताना ते रश्शात भिजले, त्यांत भाताची शितं अडकली. हात धुवायच्या आधी मी कात्री घेतली, दोरे कापले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. संध्याकाळी आजी न्यायला आल्या. त्यांनी नातीला उचललं, मनगट बघितलं, बाही सारून दुसरं मनगट बघितलं. मग त्यांची नजर डब्याकडे गेली. एक शब्द बोलल्या नाहीत. नातीला पाठीशी बांधलं आणि गेल्या.

आदल्या शनिवारी त्यांच्या घरी ‘हू प्ली’ झालं होतं, म्हणजे आत्म्याला हाक मारणं. जुन्या ह्मोंग समजुतीप्रमाणे माणसाच्या अंगात एकाहून जास्त आत्मे असतात. मूल दचकलं, पडलं, आजारी झालं की त्यातला एखादा वाट चुकतो. मग दारात उभं राहून, कोंबडी, अंडं आणि भात मांडून त्याला घरी बोलवायचं. त्यानंतर घरातलं एकेक माणूस आशीर्वाद पुटपुटत मुलाच्या मनगटाला दोरा बांधतं. त्याला ‘खी ते’ म्हणतात, हात बांधणं. परत आलेला आत्मा पुन्हा जाऊ नये म्हणून ती गाठ. निदान तीन दिवस ती सोडायची नसते. मी ती तीन दिवस पुरे व्हायच्या आत कात्रीने तोडली होती.

माझ्या मुलाच्या कमरेचा करदोटा कुणी न विचारता कापून टाकला असता तर सासूबाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नसतं. हे मला ठाऊक असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ह्मोंग सहकारीणीला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. आजींनी आधी जेवायला बसवलं, उकडलेली कोंबडी, पालेभाजी, भात. मी चुकले असं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, आतून दोऱ्याचं रीळ आणलं आणि नातीच्या हाताला पुन्हा बांधला. मग माझा हात ओढून त्यालाही एक बांधला.

तेव्हापासून नवं मूल आलं की पहिल्याच दिवशी विचारते: अंगावर काही आहे का, जे काढायचं नाही? दोरा, चांदीचं गळ्यातलं, ताईत, काहीही. दोरा ओला झाला तर साबणाने धुवून टॉवेलने टिपायचा. लोंबणारी टोकं तोंडात जातील असं वाटलं तर आईला सांगायचं, ती आखूड करून देते. चांदीच्या जड गळ्यातल्याबद्दल स्पष्ट बोलावं, झोपताना गळ्यात काही नको, घरी जाताना पुन्हा घालू. आणि हेही विचारायचं, की तुम्ही जुनं मानता का. बरीच ह्मोंग घरं ख्रिस्ती आहेत आणि त्यांतल्या कित्येकांकडे हे काहीच करत नाहीत. अंदाजाने दोरा बांधायला जाऊ नये आणि अंदाजाने कापायलाही.

बाळाचं तोंडभरून कौतुक करू नका. ‘किती गोंडस आहे गं!’ हे ऐकून जुन्या वळणाची आजी कावरीबावरी होते, कारण ते नको त्या कानांवर पडतं. आपल्याकडे लगेच दृष्ट काढतील, तसंच. बाळांच्या टोप्या भरतकाम आणि गोंड्यांनी इतक्या नटलेल्या का असतात, तर वरून बघणाऱ्या वाईट शक्तीला ते मूल न वाटता फूल वाटावं. कौतुक करायचंच असेल तर टोपीचं करा, त्यावर हाताचं किती काम आहे ते विचारा, आजी खुलतात. डोक्यावरून हात फिरवायची आपली सवयही आवरा, डोकं पवित्र मानतात.

आता या आजी कोण, हे थोडक्यात. लाओसच्या डोंगरांत ह्मोंग लोकांनी अमेरिकेच्या बाजूने गुप्त लढाई केली. 1975 मध्ये ती बाजू हरली आणि लोक रातोरात मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाले. तिथे बान विनायसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिले, मग इकडे आले. शेवटची मोठी तुकडी 2004 पासून थायलंडमधल्याच ‘वाट थाम क्राबोक’ इथल्या वस्तीतून आली, साधारण पंधरा हजार माणसं. म्हणजे तुमच्यासमोर बसलेली तरुण आई कदाचित तिथेच जन्मली असेल. तो पळ काढताना रडण्याने सैनिकांना सुगावा लागू नये म्हणून बाळांना अफू देऊन गप्प ठेवायची वेळ आली आणि त्यात काही बाळं दगावली. हे कळल्यापासून मी कुठल्याही आजीला ‘थोडं रडू द्या, सवय होईल’ असं म्हटलेलं नाही. बाळ कुरकुरलं की त्या उचलतात आणि ‘न्यिआ’त, म्हणजे भरतकाम केलेल्या झोळीत, पाठीशी बांधून भाजी चिरायला लागतात. बांधू द्या. फक्त नाक-तोंड मोकळं आहे ना आणि हनुवटी छातीत रुतलेली नाही ना, एवढं बघायला सांगा.

भाषेबद्दल मात्र मी हट्टाने बोलते. इथे अजूनही कुणीतरी आईबापांना सांगतं, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. हे चूक आहे. दोन भाषांनी बोलणं लांबत नाही. मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. आणि नातवाला ह्मोंग येत नाही, आजीला इंग्रजी येत नाही, अशी घरं मी बघितली आहेत. एकाच सोफ्यावर दोघं मुकी बसलेली असतात. आपल्या मराठी घरांतही हे येऊ घातलंय, म्हणून मला ते जास्त लागतं.

ह्मोंगमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘पॉ’ उंच सुरात म्हटलं तर चेंडू, वर चढत म्हटलं तर फेकणं, खाली आणि श्वास सोडत म्हटलं तर बाबांची आई, घसा दाबून म्हटलं तर दिसणं. देवनागरीत मी सगळं ‘पॉ’ असंच लिहिणार, पण त्यांच्या कानाला ते चार वेगळे शब्द आहेत. रोमन लिपीत लिहिताना शब्दाच्या शेवटी बी, व्ही, जी, एम अशी अक्षरं येतात ती उच्चारायची नसतात, ती सूर दाखवतात. ही लिपी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमधल्या मिशनऱ्यांनी बसवली. हजेरीपटावरचं ह्मोंग नाव वाचताना म्हणूनच थांबा आणि आईकडून दोनदा म्हणवून घ्या.

नव्या वर्षाच्या सणात, सेंट पॉलमध्ये तो नोव्हेंबरच्या शेवटी असतो, तरुण मुलंमुली समोरासमोर उभी राहून चेंडू फेकतात, त्याचं नाव ‘पॉ पॉ’: फेक, चेंडू. एक बाई आपल्या पाळणाघरात हाच खेळ दोन-तीन वर्षांच्या मुलांशी मोज्याच्या गुंडाळीने खेळतात. गुंडाळी टाकताना चढता सूर, झेलणाऱ्याचा उंच सूर. कोपऱ्यात आजी बसलेल्या असतात, मूल त्यांच्याकडे बघून तिसरा सूर लावतं आणि गुंडाळी त्यांच्या मांडीवर टाकतं. हात, डोळा, कान, माणसं, सगळं एका खेळात. मी त्यांना एवढंच म्हटलं, की हे लिहून ठेवा, तपासणीला येणाऱ्या बाई भाषाविकासाची कामं विचारतात ना, ती हीच. त्यांना वाटत होतं, त्यासाठी विकतची खेळणी लागतात.

माझी आई कराड तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. नवीन आईकडे गेली की आधी चुलीपाशी बसायची, काय शिजतंय ते बघायची, मग बोलायची. तेच इथे उपयोगी पडतं. ज्यांना वाचता येत नाही अशा आजीला पुस्तकांची यादी देऊन काय होणार? त्यांच्याकडे ‘पा न्दाउ’ असतं, शब्दशः फुलांचं कापड, म्हणजे भरतकाम केलेलं. छावण्यांत बायकांनी त्यावर गोष्टी भरायला सुरुवात केली: डोंगरावरची शेती, कोंबड्या, विमानं, नदी. ते भिंतीवरून उतरवून जमिनीवर अंथरा. मुलाचं बोट एकेका चित्रावर ठेवून आजी सांगत जातात, वाघाच्या गोष्टीही त्यात मिसळतात. नदी ओलांडणारा भाग लहानांना दाखवायचा की नाही, ते त्यांनीच ठरवावं. बाळंतिणीचंही असंच. महिनाभर उकडलेली कोंबडी, औषधी पाला, गरम भात, गार पाण्याला हात नाही. सव्वा महिना शेक-शेगडी बघितलेल्या आपल्याला ते समजावून घ्यायला काहीच लागत नाही. ‘नॉ मॉ’ म्हणजे भात खा. ‘जेवलात का’ हीच त्यांचीही विचारपूस.

दोन ठिकाणी मात्र मी हटत नाही.

एक, तान्ह्याची झोप. वर्षाच्या आतलं बाळ पाळणाघरात उताणंच, कडक गादीच्या क्रिबमध्ये (कठड्याच्या छोट्या पलंगात), पांघरूण-उशी काही नाही. परवानाच तसा आहे आणि कारण बाळाचा श्वास आहे. घरी बाळाला कुशीत घेऊन झोपतात, आपणही झोपत आलो. तिथे ओरडून उपयोग नाही. ‘खोली तीच, पलंगाला लागूनच, पण त्याची जागा वेगळी’ असं मी सांगते आणि क्रिब कुठे मावेल ते मोजायला टेप घेऊन जाते. टेप काढली की गोष्ट तत्त्वाची राहत नाही, खोलीची होते.

दुसरं, पुड्या. तापावर, पुरळावर द्यायची एक लाल-केशरी पूड ह्मोंग घरांत असायची, ‘पे-लू-आ’. 1983 मध्ये याच मिनेसोटात तिच्यामुळे ह्मोंग मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. हे सांगताना मी सुरुवात आपल्या काजळापासून करते, कारण आपल्या काही काजळ-सुरम्यांतही शिसं असतं आणि माझ्या मुलीच्या डोळ्यांत मीही ते घातलं होतं. मग म्हणते, घरात जी पूड असेल ती दाखवा, डॉक्टरांना सांगून बाळाचं रक्त तपासून घेऊ. ‘तुमचं औषध वाईट’ या शब्दाने डबा फक्त मागच्या फळीवर जातो.

अंगावरच्या खुणांबद्दल नीट वाचा. बऱ्याच आशियाई बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असतात, आपल्याही असतात. ते काही वर्षांत विरतात, पण नव्या बाईला ते मारल्याचे वळ वाटू शकतात. प्रवेशाच्या दिवशी आईसमोर बघून, कागदावर शरीराची आकृती काढून त्यात नोंद करा, तारीख घाला, आईची सही घ्या. शिवाय ताप-दुखण्यावर बाम लावून नाण्याने किंवा चमच्याने त्वचा घासतात, त्याचे लाल पट्टे उठतात. तेही आधीच विचारून ठेवा. पण मिनेसोटात आपल्यावर कायद्याने जबाबदारी आहे: खरोखर संशय आला तर कळवायचंच. ‘त्यांची पद्धत असेल’ म्हणून गप्प बसायचं नाही, आणि स्वतः तपास करत घरच्यांना खोदून विचारायचंही नाही.

आईचं आडनाव वेगळं आणि मुलाचं वेगळं दिसलं तर फॉर्मवर प्रश्नचिन्ह काढू नका. वांग, यांग, शाँग, ली, थाओ ही कुळांची नावं आहेत, अमेरिकेत साधारण अठरा कुळं मोजतात. लग्नानंतरही बाई आपल्या वडिलांचं कूळ ठेवते, मुलं त्यांच्या वडिलांचं लावतात. एका कुळात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखं. बैठकीला कोण येणार हे म्हणून आधीच विचारावं, कधी निर्णय आजोबांचा असतो. समोरची व्यक्ती हसून ‘हो’ म्हणाली म्हणजे पटलं असं धरू नका, मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ‘हे तुमच्या घरी कसं जमेल, मला करून दाखवाल?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

मूल बोलत नाही, चालत नाही अशी शंका असेल तर ‘हेल्प मी ग्रो’ या लहान मुलांच्या वाढीसाठीच्या राज्याच्या सेवेकडे कुणीही कळवू शकतं, तपासणीला पैसे पडत नाहीत. मात्र हे बोलणं दहा वर्षांच्या ताईकडून भाषांतर करून घेऊ नका. दुभाषा मागवा, मग तारीख आठवडाभर पुढे गेली तरी चालेल. ‘विकास मंद’ असले शब्द न वापरता दिसलं ते सांगा: नावाने हाक मारली तर वळत नाही, दोन ठोकळे एकावर एक ठेवत नाही.

परवान्याची कागदपत्रं इंग्रजीत असतात. ती घेऊन बाईंच्या शेजारी बसा, समोर नाही. आणि मे ते ऑक्टोबर प्रशिक्षण ठेवू नका. आजी-आजोबा पहाटे चारला शेतावर असतात, शनिवार-रविवारी शेतकरी बाजारात मिरच्या-काकड्यांच्या टेबलामागे, आणि नातवंडं टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात. त्या महिन्यांत मीच बाजारात जाते, भाजी घेते आणि गिऱ्हाईक नसताना पाच मिनिटं बोलते.