जुनी बुलेट घरी पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

वडिलांची १९८४ सालची बुलेट ३५० नऊ वर्षं गोठ्यात कडब्याशेजारी उभी होती. ती बाहेर काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मी जे केलं, तेच सगळे करतात. पेट्रोल ओतलं आणि किकवर उभा राहिलो. इंजिन जाम होतं. नशीब, किकच वाकली, आतलं काही तुटलं नाही.

उभ्या गाडीचा पिस्टन बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटतो. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा, त्यामुळे गंज लवकर धरतो. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, दोन-चार दिवस विसरून जा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवा. हललं की अर्धं काम झालं. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. हातोडा नको.

खोलताना सगळे नट एका डब्यात टाकू नका. या गाडीत इंची आणि मिलिमीटरचे आटे शेजारी-शेजारी नांदतात. दिसायला सारखा बोल्ट दोन आटे बसतो, तिसऱ्याला अडतो, आणि आपण पाना लावून रेटतो. केसिंगचा (इंजिनाच्या कवचाचा) ॲल्युमिनियमचा आटा तिथेच गेला. बोल्ट ज्या भोकातून निघाला, त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. भागच सुटा झाला असेल तर पिशवी आणि चिठ्ठी.

पुढची चूक मला सगळ्यात महाग पडली. चॅसिस पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून पक्का होणारा भुकटीचा रंग) दिली आणि ती काचेसारखी चकचकीत होऊन आली. इतकी, की तिच्यावर कोरलेला नंबरही बुजला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी (गाडीची नोंदणी) नव्यानं करावी लागते. पासिंगला आरटीओच्या साहेबांनी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, तर नुसता काळा पट्टा उमटला. नंतर मी पेंट रिमूव्हर आणि चिंधी घेऊन दोन संध्याकाळ एकेक आकडा मोकळा करत बसलो होतो. (घासणी मशिन मुळीच लावू नका, पुसट झालेला नंबर पाहून कोणालाही संशय येतो.) कोटिंगला देण्याआधी नंबरावर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा. बेअरिंगच्या वाट्या आणि बुश काढूनच द्या, आट्यांना बूच लावा. आणि जिथे अर्थची (बॅटरीला चॅसिसशी जोडणारी) वायर बसते, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. नवं वायरिंग घातलं तरी हॉर्न दाबला की दिवा मंदावतो, अशी तक्रार असेल तर आधी तिथेच बघा. बॅटरी बदलू नका.

आता धुराची गंमत. या बुलेटचं तेल क्रँककेसमधल्याच एका वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पंपातून झिरपत ते फ्लायव्हीलच्या खोलीत उतरतं. तेल मापायच्या काडीवर तेल कमी दिसतं, आपण वरून आणखी ओततो. स्टार्ट केली की सायलेन्सरमधून ढग निघतो, ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) तेल गळतं आणि शेजारचा जाणकार सांगतो, ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर करा.’ काही करू नका. खालचे ड्रेन प्लग उघडून सगळं तेल काढा, नवं २०डब्ल्यू-५० मापात भरा आणि मग धूर किती उरतो ते बघा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, गरम इंजिनावर लावू नका. पूर्ण थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली खेळू नये.

घरापाशी छान चालणारी गाडी वीस-पंचवीस किलोमीटरवर बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा चालू होते. इथे बहुतेक जण कार्ब्युरेटर खोलतात. आधी लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी थोड्या वेळात चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर पॉइंटचं (ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचचं) कव्हर काढून किक मारून बघा. पॉइंटमध्ये मोठी पिवळट ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) गरम झाल्यावर दगा देतोय. नवा टाका, पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा आणि एक जादा कंडेन्सर कायम टूलबॉक्समध्ये असू द्या. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप फुगतात, तेही बदलून घ्या.

टायर नवा म्हणून विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तो दुकानातच म्हातारा झालाय.

रंग मात्र शेवटी. मी टाकी आधी रंगवली आणि इंजिनाच्या चाचण्यांत सांडलेल्या पेट्रोलनं तिला ओघळ पडले. नवा पिस्टन टाकला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर नको, घाट तर नकोच. पहिली फेरी पंधरा-वीस किलोमीटरची. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा बघा, मगच मागे बॅग बांधा.