नॅसच्या बॅकअपसाठी एक्स्टर्नल डिस्क : पार्टिशन आणि फॉरमॅट

नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवणाऱ्या यंत्रात, दोन डिस्क मिरर करून ठेवल्या (दोन्हींवर तोच मजकूर ठेवला) म्हणजे बॅकअप झाला, असा समज बराच रूढ आहे. मिररिंगमुळे एक डिस्क बंद पडली तरी काम अडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. त्यासाठी यूएसबीने जोडायची वेगळी डिस्क लागते. येथे ४ टीबीची नवी डिस्क आणि लिनक्सवर चालणारे नॅस, म्हणजे सिनॉलॉजी, क्यूनॅप किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट, गृहीत धरले आहे.

डिस्कचे भाग (पार्टिशन) आणि प्रत्येक भागाची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, ही मांडणी ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : नॅसच बंद पडले, तर ही डिस्क कोणत्या संगणकावर वाचायची? एक्सफॅट ही फाइल सिस्टिम विंडोज आणि मॅक दोन्हींवर उघडते, म्हणून अनेकजण तीच निवडतात; पण तिच्यात जर्नलची, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवण्याची, सोय नसल्यामुळे लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडण्याचा धोका अधिक असतो, आणि लिनक्समधील फाइलींची मालकी, परवानग्या व हार्ड लिंक (एकाच फाइलला दिलेली अनेक नावे) तिच्यात टिकत नाहीत. न बदललेली फाइल एकदाच साठवून रोजचा स्नॅपशॉट (त्या दिवशीची पूर्ण स्थिती) दाखवणारी आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची पद्धत हार्ड लिंकवरच चालते, त्यामुळे ती एक्सफॅटवर वापरता येत नाही. फॅट३२ चा विचारही करू नये, कारण तिच्यात ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये या अडचणी येत नाहीत. विंडोज ती थेट उघडत नाही हे खरे, परंतु लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून सुरू केलेला कोणताही संगणक ती वाचतो. म्हणून बॅकअपसाठी ईएक्सटी४ चे एक मोठे पार्टिशन आणि शेवटी एक्सफॅटचे एक छोटे पार्टिशन, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते. छोट्या पार्टिशनमध्ये घरातल्या कोणालाही उघडता येतील अशी विम्याची व मालमत्तेची कागदपत्रे, तसेच रिस्टोअर कसे करायचे याची टीप ठेवता येते. सिनॉलॉजीचा हायपर बॅकअप हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरत असाल, तर त्याचे बॅकअप उघडणारा एक्सप्लोरर हा प्रोग्रॅमही तेथेच ठेवावा.

पार्टिशन संगणकावर करावे. नॅसच्या मेनूतील फॉरमॅटचा पर्याय संपूर्ण डिस्क पुसू शकतो, तेव्हा नंतर तिकडे जाऊ नये. लिनक्सवर जीपार्टेड हा पार्टिशन करण्याचा प्रोग्रॅम उघडून उजवीकडच्या वरच्या यादीतून डिस्क निवडावी आणि तिची क्षमता नीट पाहावी : ४ टीबीची डिस्क तेथे सुमारे ३.६४ टीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेले टीबी) अशी दिसते. या टप्प्यावर चुकीची डिस्क निवडली गेली तर पुढचे सगळेच व्यर्थ, म्हणून बाकीच्या यूएसबी डिस्क आधीच काढून ठेवाव्यात. पार्टिशनसमोर किल्लीचे चिन्ह दिसत असेल तर ते माउंट झालेले (वापरासाठी जोडलेले) आहे असे समजून आधी अनमाउंट करावे.

त्यानंतर डिव्हाइस मेनूतून नवे पार्टिशन टेबल (पार्टिशनांची नोंद) तयार करावे आणि प्रकार जीपीटी आहे याची खात्री करावी. जुन्या एमबीआर पद्धतीत साधारणपणे २ टीआयबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. येथे आधीचा सर्व मजकूर जातो. मग नवे पार्टिशन घेऊन शेवटच्या चौकटीत, म्हणजे मागे सोडायच्या जागेत, ६५५३६ हा आकडा भरावा, म्हणजे ६४ जीआयबी शिल्लक राहतील. अलाइनमेंट एमआयबी, फाइल सिस्टिम ईएक्सटी४ आणि ओळखता येईल असे लेबल द्यावे. उरलेल्या जागेवर एक्सफॅटचे पार्टिशन करावे. ही कामे केवळ रांगेत लागलेली असतात. बरोबरच्या खुणेचे बटण दाबल्यावरच ती डिस्कवर उतरतात, त्यामुळे खालची यादी एकदा वाचून मगच ते दाबावे.

ईएक्सटी४ फॉरमॅट होताना ५ टक्के जागा रूट (सर्वाधिकार असलेल्या) वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर ते योग्यच आहे, पण येथे त्यात जवळजवळ १९५ जीबी अडकून पडतात. ट्यूनटूएफएस या प्रोग्रॅमने हे प्रमाण १ टक्क्यावर आणावे. नव्या पार्टिशनची मालकीही रूटकडेच असते. ओपनमीडियाव्हॉल्टसारख्या नॅसवर बॅकअपचे काम वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल, तर त्याच्या नावे एक फोल्डर करून द्यावे, अन्यथा पहिलाच बॅकअप परवानगी नसल्याच्या कारणाने थांबेल.

माउंटची नोंद हाताने करत असाल तर डिस्कच्या नावाऐवजी तिचा यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) वापरावा, कारण एसडीए, एसडीबी ही नावे जोडण्याच्या क्रमानुसार बदलतात. याहून फसवा प्रकार म्हणजे डिस्क माउंटच न होणे : माउंटचे रिकामे फोल्डर जागेवर असते, बॅकअप निमूटपणे त्यात लिहीत राहतो आणि नॅसची सिस्टिम डिस्क भरून जाते. बॅकअप सुरू होण्यापूर्वी डिस्क खरोखर माउंट आहे का, हे तपासणारी अट म्हणूनच घालावी.

पहिला पूर्ण बॅकअप झाल्यावर डिस्क इजेक्ट करून काढावी, लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि त्यातील एक मोठा व्हिडिओ व जुन्या फोटोंचे एखादे फोल्डर बाहेर काढून उघडून पाहावे.