लास व्हेगासच्या कॅसिनोत केनो कसा खेळावा

हाउजी खेळलेल्या कोणालाही केनो पाच मिनिटांत समजतो. फरक दोनच. हाउजीचं तिकीट आकड्यांसकट छापून येतं, केनोत आकडे तुम्ही निवडता. आणि हाउजीत शेजारच्या काकूंच्या आधी ओळ भरायची घाई असते. केनोत शर्यत नाही. शंभर लोक बसले असले तरी प्रत्येकाचा हिशेब थेट कॅसिनोशी.

तिकिटावर 1 ते 80 आकडे असतात. प्रत्येक खेळात त्यांतले 20 निघतात. तुम्ही निवडलेल्यांपैकी किती लागले, त्यावर पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत. नियम एवढाच.

हे लिहितोय ते मुख्यतः मुलांकडे अमेरिकेला येणाऱ्या आणि ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर एक-दोन रात्री लास व्हेगासला थांबणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. माझे आईवडील आले तेव्हा रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराच्या, टेबलापाशी दोन मिनिटं उभे राहिले आणि गर्दी, आरडाओरडा, डीलरचे भराभर चालणारे हात बघून मागे फिरले. तेच केनोच्या लाउंजमध्ये दीड तास आरामात बसले. कॅसिनोत म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत टेकून, गप्पा मारत खेळता येईल असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. म्हणून हा खेळ मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्यात पैसे नेमके कुठे जातात तेही सांगायला हवं.

आधी जागा. नेवाडात कॅसिनोत खेळायला 21 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्या. लाइव्ह केनो, म्हणजे माणसं तिकीट घेतात आणि चेंडू काढले जातात तो, आता पूर्वीइतका राहिलेला नाही. स्ट्रिप, म्हणजे बड्या कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता, तिथल्या हॉटेलांतून तो बराचसा गेला. डाउनटाउनमध्ये किंवा गावातले लोक जातात त्या कॅसिनोंमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. आत शिरल्यावर नुसतं ‘केनो’ विचारलंत तर मशीनकडे बोट दाखवतील. ‘लाइव्ह केनो लाउंज’ कुठे आहे, असं विचारा. भिंतीवर 80 दिव्यांचा मोठा फलक, समोर खुर्च्यांच्या रांगा आणि एका बाजूला काउंटर दिसलं, की पोचलात.

खुर्चीच्या हातावर किंवा शेजारी कोरी तिकिटं, काळा खडू आणि एक छापील पुस्तिका ठेवलेली असते. पुस्तिका म्हणजे रेट कार्ड, किती आकडे लागले तर किती पैसे मिळतात त्याचा तक्ता. हात खडूकडे जातो, पण आधी पुस्तिका उचला. प्रत्येक कॅसिनोचे दर वेगळे असतात आणि किती आकडे लावायचे हे त्या दरांवरूनच ठरवायचं असतं. नातवंडांच्या वाढदिवसांच्या तारखा त्यानंतर.

‘स्पॉट’ म्हणजे तुम्ही लावलेले आकडे. चार आकडे लावले तर तो फोर-स्पॉट. बहुतेक ठिकाणी 1 ते 10 स्पॉट लावता येतात, काही ठिकाणी आणखी. लावलेले सगळेच्या सगळे आकडे लागण्याची शक्यता अशी: दोन स्पॉटला सुमारे 17 खेळांत एकदा, तीनला 72 त, चारला 326 त, सहाला 7,753 त, आठला 2,30,115 त आणि दहाला 89,11,711 खेळांत एकदा. दर आठ मिनिटांना एक तिकीट याप्रमाणे रात्रंदिवस खेळत बसलं तर तेवढे खेळ व्हायला 135 वर्षं लागतील. फलकावर झळकणारी लाख डॉलरची रक्कम बहुतेक वेळा अशाच मोठ्या स्पॉटची असते.

आता दर. कार्डावर ‘थ्री फॉर वन’ अशा भाषेत लिहिलेलं असतं आणि इथे नवखा माणूस फसतो. ‘फॉर’ म्हणजे तुमचा लावलेला डॉलर त्या रकमेतच धरलेला आहे. एक स्पॉट लावला, लागला, तीन डॉलर हातात आले, तर कमाई दोनच. एक आकडा लागण्याची शक्यता चारात एक. म्हणजे सरासरी चार डॉलर जातात आणि तीन परत येतात. कॅसिनोचा वाटा सरळ 25 टक्के.

दोन कॅसिनोंची कार्डं हातात असतील तर तुलना अशी करा. चार स्पॉटमध्ये दोन लागण्याची शक्यता 21.3 टक्के, तीन लागण्याची 4.3 टक्के आणि चारही लागण्याची 0.31 टक्के. समजा एका कार्डावर या तिघांना अनुक्रमे 1, 3 आणि 130 डॉलर आहेत, दुसऱ्यावर 1, 4 आणि 100. दुसरं कार्ड डोळ्याला बरं वाटतं, कारण तीन आकडे बऱ्याचदा लागतात आणि तिथे एक डॉलर जास्त मिळतोय. पण प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर 100 डॉलरमागे पहिलं कार्ड सुमारे 74 परत देतं आणि दुसरं 69. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे दोन मिनिटांचं काम आहे. लाइव्ह केनोत कॅसिनोचा वाटा साधारण 25 ते 30 टक्क्यांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही जास्त. दोन शून्यं असलेल्या अमेरिकन रूलेटमध्ये तो 5.26 टक्के आहे.

मग केनो खेळावाच कशाला? घड्याळ बघा. लाइव्ह केनोत तासाला साधारण आठ खेळ होतात. एकेका डॉलरचं तिकीट घेतलं तर तासाला आठ डॉलर लागतात आणि सरासरी सव्वादोन जातात. रूलेटवर दर फेरीला 15 डॉलर आणि तासाला 40 फेऱ्या धरल्या तर 600 डॉलर फिरतात आणि सरासरी 32 जातात. केनो डॉलरमागे महाग आहे, तासामागे स्वस्त. त्यामुळे स्वस्ताई टिकवायची तर तिकीट लहान ठेवायचं आणि खेळ संथ ठेवायचा. पाच डॉलरचं तिकीट घेतलंत की तो फायदा बराच कमी होतो.

मी स्वतः चार स्पॉट लावतो. चारातल्या एका तिकिटावर काहीतरी परत येतं (बहुतेक वेळा लावलेला डॉलरच), आणि चौथा आकडा बाकी असेपर्यंत फलकाकडे बघण्यात मजा राहते. पहिल्यांदा बसणाऱ्याने तीन किंवा चार लावावेत असं माझं मत आहे.

तिकीट भरायला सोपं आहे. आकड्यांवर खडूने ठळक खूण करायची. कोपऱ्यातल्या चौकटींत किती स्पॉट, एका खेळाला किती डॉलर आणि किती खेळ, हे लिहायचं. ते तिकीट आणि पैसे काउंटरवर ‘रायटर’कडे द्यायचे. तो संगणकातून छापील तिकीट देतो. खिडकीसमोरून हलण्याआधी त्यावरचा एकेक आकडा ताडून पाहा, कारण पैसे त्या छापील तिकिटावरच मिळतात, तुमच्या खडूच्या खुणांवर नाही. आमच्या एका पाहुण्यांच्या तिकिटावर 38 ऐवजी 39 छापलं गेलं होतं. खेळ सुरू झाल्यावर ते लक्षात आलं, आणि तेव्हा बोलून उपयोग नव्हता. आकडे सुचत नसतील तर ‘क्विक पिक’ म्हणा, संगणक निवडून देईल. शक्यता तीच.

काही ठिकाणी ‘रनर’ असतात. ते जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन तिकीट नेतात आणि आणून देतात. त्यांना डॉलर-दोन डॉलर टिप देण्याची रीत आहे. लाउंजमध्ये पेय फुकट आलं तरी आणणाऱ्या बाईंना टिप द्या.

खेळ बंद झाल्याची घोषणा झाली की चेंडू निघायला लागतात. पारदर्शक यंत्रात हवेच्या झोताने 80 हलके चेंडू उसळत असतात आणि एकेक करून नळीत चढतात. या यंत्राला ‘गूस’ म्हणतात, म्हणजे हंस, नळीच्या मानेसारख्या आकारामुळे. काही कॅसिनोंत आता चेंडूंच्या जागी संगणक आकडे काढतो.

80 च आकडे का, याची हकीकत मला फार आवडते. हा खेळ मूळचा चिनी, ‘पांढऱ्या कबुतराचं तिकीट’ अशा नावाचा. त्यात आकडे नव्हतेच. चीनमध्ये मुलांना अक्षरओळख करून देणारा एक हजार अक्षरांचा जुना पाठ आहे, आणि त्यात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. त्यातली पहिली 80 अक्षरं तिकिटावर छापत. एकोणिसाव्या शतकात चिनी मजुरांबरोबर तो अमेरिकेत आला. नेवाडाने 1931 साली जुगार कायदेशीर केला, पण लॉटरीला बंदी कायम ठेवली. तेव्हा 1936 मध्ये रीनो शहरातल्या पॅलेस क्लबने प्रत्येक आकड्याला घोड्याचं नाव देऊन तो ‘रेस हॉर्स केनो’ म्हणून सुरू केला. पुढे 1951 मध्ये शर्यतींवरच्या पैजांवर केंद्राचा कर आला आणि घोड्यांची नावं गेली. एकेका खेळाला आजही तिथे ‘रेस’ म्हणणारे आहेत, ते त्यामुळे.

फलकाशेजारी ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ आकड्यांची यादी दिसेल. तिच्यावर पैसे लावू नका. कोणताही आकडा एखाद्या खेळात येण्याची शक्यता चारात एक, त्यामुळे मागच्या दहा खेळांत एकदाही न आलेले आकडे सरासरी चार-पाच असतातच, तुम्ही कधीही बघा. ‘आता यायलाच हवा’ असं वाटायला लावणारा आकडा फलकावर सदैव हजर असतो, आणि चेंडूंना मागच्या खेळाची आठवण नसते. याला एक अपवाद घडला आहे. 1994 मध्ये कॅनडातल्या माँट्रियल कॅसिनोत एका माणसाने 20 पैकी 19 आकडे ओळोळीने तीन वेळा बरोबर लावले आणि सहा लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक जिंकले. चौकशीत दिसलं, की आकडे काढणारा संगणक रोज सकाळी त्याच जागेपासून सुरुवात करत होता, म्हणून तीच मालिका पुन्हा येत होती. ते पैसे त्याला मिळाले. पण तो दोष यंत्रात होता, आकड्यांत नव्हता.

जिंकलात तर लगेच काउंटरवर जा. लाइव्ह केनोचा जुना नियम असा, की एका खेळाच्या तिकिटाचे पैसे पुढचा खेळ सुरू होण्याआधी घ्यायचे, नाहीतर तिकीट बाद. तिकीट खिशात टाकून जेवायला गेलेल्यांचे पैसे असेच बुडतात. एकाच तिकिटावर बरेच खेळ लावले असतील तर मुदत वेगळी असते, ती तिकिटावर छापलेली असते. कार्डावर तळाशी बारीक अक्षरांत ‘अ‍ॅग्रिगेट लिमिट’ही वाचा. एका खेळात सगळ्या विजेत्यांना मिळून द्यायच्या रकमेची ती कमाल मर्यादा, आणि दोघांना मोठं बक्षीस लागलं तर ती वाटून दिली जाते.

दोन-तीन वेळा खेळून झाल्यावर ‘वे तिकीट’ करून बघा. आकड्यांचे गट पाडून प्रत्येक गटाभोवती गोल करायचा. समजा दोन-दोन आकड्यांचे तीन गट केले. तर तिकिटावर तीन टू-स्पॉट, तीन फोर-स्पॉट आणि एक सिक्स-स्पॉट, असे सात डाव एकदम होतात. कडेला ते 3/2, 3/4, 1/6 असं लिहितात: आधी किती डाव, मग किती स्पॉट. शक्यता किंवा दर यांत काही बदलत नाही, आणि डाव सात म्हणजे पैसेही सातपट. काही ठिकाणी वे तिकिटाला प्रत्येक डावामागे डॉलरपेक्षा कमी चालतात, तेवढं विचारून घ्या.

मशीनवरच्या केनोबद्दल मात्र सावध करतो. दर तिथे बरेचदा चांगले असतात, कॅसिनोचा वाटा 8 टक्के धरू. पण बटण दाबलं की सहा सेकंदांत खेळ संपतो. तासाला 600 खेळ, प्रत्येकी पाव डॉलर, म्हणजे 150 डॉलर फिरले आणि सरासरी 12 गेले. लाउंजमध्ये त्याच तासाला सव्वादोन जात होते.

शेवटी कराचं, कारण हे आपल्याकडच्या पाहुण्यांना कोणी सांगत नाही. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या माणसाने ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रूलेट किंवा बिग सिक्स व्हीलवर जिंकलेल्या रकमेवर अमेरिकेत कर लागत नाही. केनो या यादीत नाही. केनोत मोठी रक्कम लागली तर कॅसिनो पासपोर्ट मागतो, 30 टक्के कापतो आणि उरलेले हातात देतो. कापल्याचा फॉर्म जपून घरी आणा, कारण भारतात राहणाऱ्याला परदेशातलं हे उत्पन्न भारतातल्या विवरणपत्रातही दाखवावं लागतं, आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागताना तोच कागद लागतो.