आंघोळ नेमकी कुठे अडते?

“आईला आता आंघोळ जमत नाही,” असं म्हणून घरातलं कुणीतरी तांब्या हातात घेतं आणि महिना-दोन महिन्यांत आईचा उरलासुरला सरावही जातो. आंघोळ हे एकच काम नाही. उंबरा ओलांडायचा, कपडे उतरवायचे, पाटावर बसायचं, तांब्या खांद्यापर्यंत उचलायचा, पाठ आणि तळपाय घासायचे, उठायचं, अंग पुसायचं, कोरडे कपडे घालायचे. अडतं ते बहुधा यातल्या एक-दोन ठिकाणी. तेवढी जागा शोधून दुरुस्त करा, बाकीचं त्यांचं त्यांना करू द्या. वेळ लागला तरी चालेल.

अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा कामांवरून परावलंबन मोजायची पद्धत मांडली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. बहुतेकांची आंघोळ यात सगळ्यात आधी सुटते, जेवण सगळ्यात शेवटी. म्हणून लक्ष आंघोळीपासूनच ठेवावं.

एक दिवस मदत न करता, पण हात पोचेल इतक्या अंतरावर उभं राहून नुसतं पाहा. संकोच वाटत असेल तर कोरड्या न्हाणीघरात, अंगावरच्या कपड्यांनिशी सगळं करून दाखवायला सांगा. त्या कुठे थांबल्या, कुठे भिंत चाचपली हे टिपून ठेवा. नळ किंवा टॉवेलचा दांडा धरून उठत असतील, तर आधाराचा दांडा नेमका तिथेच हवा.

सगळ्यात जास्त अडचण पाटाची. जमिनीपासून चार-पाच इंचांवरून उठताना सगळा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर येतो. पाटाऐवजी हात आणि पाठ असलेली, पायांना रबरी बुचं असलेली आंघोळीची खुर्ची घ्या. तळव्यापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा, बैठक त्याहून इंचभर उंच असू द्या. हलकं प्लॅस्टिकचं स्टूल नको, साबणाच्या पाण्यात ते सरकतं.

खुर्ची आली आणि बादली जमिनीवरच राहिली, तर मात्र धोका वाढतो. दर तांब्याला खाली वाकावं लागतं आणि तोल पुढे जातो. बादली पक्क्या कट्ट्यावर, मांडीच्या उंचीला, चांगल्या हाताच्या बाजूला ठेवा. तांब्याला कान नसतो, संधिवाताच्या बोटांतून तो निसटतो. त्याऐवजी कान असलेला प्लॅस्टिकचा मग द्या आणि अर्धाच भरायला सांगा. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उतारवयात, विशेषतः मधुमेहात, चटका उशिरा जाणवतो, म्हणून पाणी तुम्ही कोपराने तपासा.

उठायची रीत शिकवावी लागते. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची. नाक पायांच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं. दंडाला धरून वर ओढू नका, खांदा दुखावतो. आधार कमरेशी द्या.

दांडा स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दीड इंच सुटा आणि जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर आडवा बसवा. चार इंची भिंतीत नुसत्या प्लगवर तो टिकत नाही, प्लास्टरसकट उपटून येतो. तिथे भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावून घ्या. रबरी चकतीने चिकटणारे दांडे घेऊ नका, टाइल्सच्या सांध्यावर हवा शिरली की ते सुटतात. बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने पूर्ण जोर देऊन ओढून पाहावं, मगच वयस्कर माणसाला धरू द्यावं.

दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही. आतली कडी काढून टाका किंवा बाहेरूनही उघडेल अशी बसवा.

आंघोळीआधी तळव्यांना तेल नको, तेल लावायचंच तर नंतर, पलंगावर बसून. अंगही बसूनच पुसायचं, दोन मिनिटं थांबून मग उठायचं, कारण गरम पाण्यानंतर रक्तदाब उतरतो. चक्कर येत असेल तर आधी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना तोच शेवटी. पुढून उघडणारा गाऊन आणि नाडीऐवजी इलॅस्टिक, एवढ्यानेही बरंच सोपं होतं.

ही सगळी व्यवस्था हळूहळू वाढत गेलेल्या अडचणीसाठी आहे. गेल्या आठवड्यापर्यंत स्वतः आंघोळ करणाऱ्या माणसाला आज एकाएकी जमेनासं झालं, तर वयाला दोष देऊन दांडे बसवत बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, नवीन औषध, न कळलेलं फ्रॅक्चर, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं बोबडं झालं, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन करा.