जुन्या एमएक्स-५चं सस्पेन्शन: ऑर्डर देण्याआधीची तयारी

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे १९८९ ते १९९७ मधली, वर उचलल्या जाणाऱ्या दिव्यांची ‘एनए’, खड्ड्यात धाडकन आदळायला लागली की मालक आधी शॉकअपच्या किमती बघतो. ही सुरुवात उलट्या टोकाकडून होते. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, असलेल्या या गाडीत आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश इतके आहेत की ते मऊ पडले असतील तर कितीही महागडे शॉकअप घाला, स्टिअरिंग ढिलंच लागणार. म्हणून आधी गाडीखाली जा, पाकीट नंतर उघडा.

सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. टायरवरून मोजू नका, टायरची उंची बदलते. डाव्या-उजव्यात दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक दिसला तर स्प्रिंग दबून बसली आहे किंवा तुटली आहे. शेवटच्या वेढ्याचा तुकडा गंजून पडलेला असतो आणि वरवर कळतही नाही. मग गाडी स्टँडवर घ्या. जॅक पुढे क्रॉसमेंबरच्या, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईच्या, मध्याखाली लावा आणि मागे डिफरन्शियलखाली. सिलच्या, म्हणजे दाराखालच्या उंबऱ्याच्या, कडेवर स्टँड ठेवण्यापूर्वी तिथला पत्रा टोचून बघा. या गाडीचे सिल मागच्या चाकाच्या पुढ्यात आतून कुजतात, आणि तिथं भोक असेल तर सस्पेन्शनचे पैसे आधी वेल्डिंगला जातात.

चाक वर-खाली आणि आडवं हलवून बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या बाहेरच्या टोकाचे गोल सांधे, तपासा. पुढचा खालचा जॉइंट बोल्ट काढून वेगळा बदलता येतो. वरचा मात्र कंपनीने आर्मसकटच दिलेला आहे, त्यामुळे तो खिळखिळा असेल तर यादीत अख्खा आर्म घाला. नुसतं रबरी टोपण फाटलं असेल तर टोपण बदलून भागतं. शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. कोपरा दाबून गाडी किती डुलते हे बघण्याच्या परीक्षेवर फार विसंबू नका, थकलेला शॉकअपही त्यात पास होतो.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते कॅम बोल्ट. खालच्या आर्मच्या आतल्या टोकांना पुढे चार आणि मागे चार, असे आठ बोल्ट असतात आणि त्यांच्यावरच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, ठरतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांत, म्हणजे इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात, हे बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो आणि बोल्ट हलत नाही. जोर केला की बोल्टबरोबर नळी फिरते आणि रबर फाटतं. मागच्या हबमधून आरपार जाणारा खालचा लांब बोल्ट याहून हट्टी. म्हणून काम ठरलं की आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा आणि बोल्ट जागेवर फिरतो का ते बघा. फिरला नाही तर आठ बोल्ट, त्यांच्या कॅम चकत्या, नट आणि दोन लांब बोल्ट ऑर्डरमध्ये घालाच. करवतीने कापायची वेळ आल्यावर सुट्या भागांसाठी गाडी स्टँडवर अडकून पडते.

बुश रबराचेच घ्यावेत हा आमचा कौल, निदान रोजच्या गाडीला. पॉलियुरेथेनने स्टिअरिंग नेमकं होतं, पण संचासोबत मिळणारं सिलिकॉन ग्रीस नीट भरलं नाही तर वर्षभरात कुरकुर सुरू होते. काही संचांत जुनी बाहेरची नळी आर्ममध्येच ठेवायची असते, काहींत ती काढायची असते. सोबतचा कागद वाचल्याशिवाय बुश दाबून बसवणाऱ्या प्रेसवाल्याकडे जाऊ नका.

आता उंची, कारण शॉकअपची निवड तिच्यावरच ठरते. एनएला चाक वर जायला मुळातच जागा कमी आहे. तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घातल्या की तीच जागा खाल्ली जाते आणि गाडी जवळजवळ बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपची हालचाल शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यावर, बसून चालते. लोक ‘स्प्रिंग फार कडक’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा कडक असतो तो बंप स्टॉप. मघाच्या मापात ३२० मिलिमीटरच्या खाली रस्त्यावरची गाडी आणू नये. तरीही खाली हवीच असेल तर दुसऱ्या पिढीच्या ‘एनबी’चे टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारे भाग), त्यांचं रबर आणि बंप स्टॉप असा पूर्ण संच घ्या. त्याने शॉकअपला वर जायला जास्त वाव मिळतो.

मूळ उंची आणि मूळ स्प्रिंगांवर समाधान असेल तर केवायबी कंपनीचा एक्सेल-जी शॉकअप पुरतो आणि स्वस्तही पडतो. थोड्या कडक स्प्रिंगांसाठी बिल्स्टीन किंवा पिवळे कोनी घ्यावेत. बिल्स्टीन एकनळी, जास्त दाबाच्या गॅसचे असतात. अमेरिकेत १९९४ पासूनच्या ‘आर पॅकेज’ या कडक सस्पेन्शनच्या आवृत्तीवर कंपनीच ते बसवून देत असे. कोनीवर वरच्या टोकाला फिरवून रिबाउंड, म्हणजे शॉकअप लांबतानाचा विरोध, बदलता येतो, दाबला जातानाचा बदलत नाही. त्यामुळे सगळ्यात मऊ टोकापासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या फेरीने वाढवा. स्वस्त कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांवर उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, मात्र टाळाच. एका हिवाळ्यात त्यांचे आटे जाम होतात आणि उंची बदलण्याची सोय नावापुरती उरते.

सोबत चार बंप स्टॉप, चार धूळटोपणं, स्प्रिंगखालची रबरं, अँटीरोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) लिंक आणि बुश मागवा. जुना बंप स्टॉप हातात घेताच त्याचा भुगा होतो, तो परत वापरायचा विचारही नको.

हत्यारांत १४ आणि १७चे बॉक्स पाने, टॉर्क पाना आणि चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर हवा. त्याच्या हुक असलेल्या दोन सळया स्प्रिंगवर समोरासमोर लावा आणि आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळा. एअर गन लावू नका. वरचा नट सोडताना शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीत धरू नका. एक ओरखडा पडला तरी तेल अडवणारं सील फाटतं. दांड्याच्या टोकाला ॲलन की किंवा पाना लावायची सोय असते, ती वापरा. मागचे वरचे नट डिकीतल्या गालिच्याखाली सापडतात. बॅटरीही डिकीतच आहे, काम सुरू करण्याआधी ती सोडा.

रबरी बुशांचे बोल्ट चाकं लटकत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली ठेवताच पिळवटतं, उंची वाढलेली दिसते आणि बुश लवकर फाटतात. गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करून, थोडी मागे-पुढे ढकलून मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. चाकाचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटर.

अलाइनमेंटची वेळ आधीच घेऊन ठेवा, पण गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालून स्प्रिंगा बसल्यानंतरची. चालकाच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवायला सांगा. हजार किलोच्या आतबाहेरच्या गाडीत ऐंशी किलोंनी आकडे हलतात. रस्त्यासाठी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) पुढे उणे १ अंश, मागे उणे दीड, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) साडेचार ते पाच आणि मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली) ठेवावा. त्याच दिवशी दिव्यांचा झोत तपासून घ्या. उंची बदलली की तोही सरकतो, आणि इंग्लंडच्या वार्षिक एमओटी तपासणीत झोत बघतात.