कोंबड्यांच्या शोमध्ये उतरताय? आधी या चुका टाळा

फॉल सुरू झाला की इथे ओहायोत आमच्या ओळखीतल्या मराठी घरांतून फोन यायला लागतात, कारण ज्यांची मुलं फोर-एच या मुलांच्या क्लबमध्ये आहेत त्यांची कोंबडी काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेतल्या शोला, जाऊन आलेली असते आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, की आमची कोंबडी एवढी देखणी, एवढी तब्येतीची, मग जजने तिला बाहेर का काढलं? तर आधी हे नीट समजून घ्या, जज तुमची कोंबडी शेजारच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीशी नंतर ताडतो, आधी ती पुस्तकाशी ताडतो. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला स्थापन झाली आणि १८७४ला त्यांनी जातींची पहिली स्टँडर्ड, म्हणजे कोणती जात कशी दिसायला हवी ते सांगणारं पुस्तक, छापली, तेव्हापासून तेच पुस्तक सुधारत सुधारत चालू आहे. तुऱ्याला दाते किती, कानाची पाळी लाल की पांढरी, पायाचा रंग कोणता, वजन किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते न वाचता शोला जाणं म्हणजे सिलॅबस न बघता परीक्षेला बसणं, आणि आम्ही पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं.

मुलीची बार्ड प्लिमथ रॉक जातीची तलंग, म्हणजे वर्षाच्या आतली मादी, होती, काळे-पांढरे पट्टे, पिवळे पाय, ताठ चाल, आम्हाला वाटलं रिबन कुठे जात नाही. जजने तिला पिंजऱ्यातून काढलं, पंख उघडून बघितला, छातीच्या हाडावरून बोट फिरवलं, पिसं फुंकून आतला रंग बघितला आणि मग पायाची बोटं एक-एक करून फाकवली. बाहेरच्या दोन बोटांच्या बेचक्यात सावरीच्या कापसाच्या तंतूएवढं एक लव होतं. एवढंच. त्याने मुलीला वाकून बघायला सांगितलं, शांतपणे समजावलं की साफ पायाच्या जातीत पायाच्या नळीवर किंवा बोटांमध्ये पीस किंवा लवसुद्धा चालत नाही, आणि कार्डावर ‘डीक्यू, स्टब’ लिहिलं, म्हणजे बाद, कारण पायावरचं लव. घरी येऊन आम्ही बाकीच्या अकरा पक्ष्यांचे पाय तपासले तर तिच्या तीन सख्ख्या भावंडांच्या बोटांतही तेच. म्हणजे दोष रक्तातला होता आणि आम्ही पाच महिने त्यांना रोज हातात घेऊनही कधी बोटं फाकवून बघितली नव्हती.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, की लोक पक्षी लांबून बघतात. डिफेक्ट आणि डिसक्वालिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टे जरा पुसट, शेपटीचा कोन जरा कमी-जास्त, हे डिफेक्ट, त्याने नंबर खाली जातो. पण एकेरी तुऱ्याच्या बाजूला फुटलेला जादा कोंब, एका अंगाला कललेली शेपटी, पंखातल्या पुढच्या आणि मागच्या मोठ्या पिसांच्या मधे पडलेली कायमची फट, बोटांची संख्या चुकणं, आणि वर सांगितलेलं लव, यातलं काहीही सापडलं की पक्षी स्पर्धेतूनच बाद, मग बाकी कितीही सुंदर असू दे. हे तपासायची चांगली वेळ रात्रीची. पक्षी झोपायच्या दांडीवर बसले की शांत असतात, एक-एक मांडीवर घ्या, टॉर्च लावा, पंख पूर्ण उघडा, नळीवर अंगठा खालून वर म्हणजे खवल्यांच्या उलट दिशेने फिरवा, बोटं फाकवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते दोन महिने आधी करायचं, आदल्या रात्री नाही.

आणि हो, सापडलं म्हणून उपटून टाकू नका!! बरेच जण हेच सुचवतात. उपटलेल्या जागी भोक दिसतं, जज ते बघतोच, आणि नाही दिसलं तरी ती फसवणूक आहे, रंग लावणं, पीस कापून आकार देणं, सगळं फेकिंगमध्ये म्हणजे बनवाबनवीत धरतात आणि त्यालाही बादच करतात. मुलं बघत असतात आपल्याकडे. शिवाय तो पक्षी पुढे पैदाशीला वापरलात तर पिल्लांत तेच उतरणार. तो पक्षी अंड्यांसाठी ठेवा, छान जगू दे, फक्त शोला दुसरा न्या.

दुसरी चूक खरेदीतली. हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्यांच्या, कॅटलॉगात जातीचं नाव आहे म्हणजे पक्षी स्टँडर्डचा असेल असं नसतं. हॅचऱ्या बहुतेक अंड्यांसाठी पैदास करतात, त्यांची रॉक किंवा ऱ्होड आयलंड रेड अंगाने हलकी, लांबट निघते, त्यात वाईट काही नाही, पण शोच्या टेबलावर ती उभी राहू शकत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ अमेरॉकाना या जातीचा. निळ्या-हिरव्या अंड्यांची मिश्र कोंबडी, जिला ईस्टर एगर म्हणतात, ती या किंवा याच्यासारख्या नावाने सर्रास विकली जाते. खरी अमेरॉकाना १९८४ साली स्टँडर्डमध्ये आली, तिचे पाय स्लेटी असतात, अंडं निळं असतं आणि रंग ठरलेल्या यादीतलाच लागतो. तुमच्या कोंबडीचे पाय हिरवट असतील तर फी भरण्याआधी थांबा. ज्यांना खरंच शो करायचेत त्यांनी एखाद्या शोला नुसतं बघायला जावं, तिथे विक्रीचे पिंजरे असतात, ब्रीडर स्वतः भेटतो, आईबाप बघता येतात. जुने लोक म्हणतात आकारावरून जात ठरते आणि रंगावरून उपजात, तेव्हा आधी अंगाचा सांगाडा बघा, मग पिसांकडे वळा. आपण सगळे उलट करतो, मीपण केलंय.

वजनाचं थोडक्यात सांगतो. प्लिमथ रॉकचा मोठा कोंबडा साडेनऊ पौंड, कोंबडी साडेसात, वर्षाच्या आतला कोंबडा आठ आणि तलंग सहा पौंड, असं पुस्तकात आहे. साधा लगेज तोलायचा काटा आणि एक पिशवी पुरते, महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवा. आणि एंट्री फॉर्मवर वय चुकवू नका, वर्षाच्या आतला नर तो कॉकरेल, वर्षावरचा कॉक, माद्यांमध्ये तसंच पुलेट आणि हेन. मागच्या वसंतात अंड्यातून निघालेली तलंग फॉर्मवर घाईत हेन म्हणून लिहिली गेली की ती चुकीच्या क्लासमध्ये बसते आणि तिथे कुणाचाच काही इलाज चालत नाही. पुलोरम या कोंबड्यांच्या रोगाच्या रक्ततपासणीचे कागद लागतात तेही आधीच विचारून घ्या, आणि बर्ड फ्लूमुळे २०२२ला बऱ्याच राज्यांत शो बंद झाले होते, तेव्हा नियम दर वर्षी नव्याने बघा.

आता आंघोळ. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. आदल्या रात्री धुतली की पिसं विस्कटलेली राहतात, कारण कोंबडी चोचीने शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल पिसांना लावते तेव्हाच ती पुन्हा नीट बसतात, त्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी धुवा. तीन टब, पहिल्यात कोमट पाणी आणि सौम्य साबण, दुसऱ्यात पाण्यात थोडं व्हिनेगर म्हणजे साबणाचा अंश निघतो, तिसऱ्यात नुसतं पाणी. पिसं नेहमी वाढीच्या दिशेने चोळा, डोकं बुडवू नका. पाय जुन्या टूथब्रशने घासा, आणि नखाखालची घाण लाकडी टूथपिकने काढा. कोमट पाण्यात पक्षी डोळे मिटून मान टाकतो, आपल्याला वाटतं त्याला मजा येतेय, बरेचदा येतेही, पण मान लुळी पडायला लागली किंवा चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला की ताबडतोब बाहेर काढा. मग टॉवेलमध्ये गुंडाळा आणि ड्रायर कमी गरमीवर, पोटाखालची मऊ पिसं पूर्ण कोरडी होईपर्यंत. ओली सोडली तर थंडी लागते, आणि पांढऱ्या पक्ष्याला ओल्या अंगाने मातीत सोडलंत तर सगळी मेहनत वाया गेलीच म्हणून समजा. धुताना शेपटीखाली, गुदद्वाराभोवती उवा किंवा माईट्स आहेत का ते बघा, शोला किड्यांसकट गेलेला पक्षी लोकांच्या पक्ष्यांना पण त्रास देतो.

पांढऱ्यांना ऊन कमी द्या, पिसांवर पिवळट झाक येते, आणि काळ्या-लाल पक्ष्यांचा रंग उन्हात विटतो. मोडकं पीस दिसलं तर सहा ते आठ आठवडे आधी काढलं तरच नवीन पूर्ण येतं, नंतर काढण्यात अर्थ नाही. अंडी देत असलेल्या कोंबडीचे पिवळे पाय फिकट पडतात, कारण पिवळेपणा अंड्याच्या बलकात जातो, त्याची भीती बाळगू नका, जज लोकांना ते माहीत असतं.

एक गोष्ट मात्र कुणीच आधी करत नाही, पिंजऱ्याची सवय. मोकळ्या अंगणातला पक्षी पहिल्यांदा तारेच्या छोट्या पिंजऱ्यात गेला की कोपऱ्यात दबून बसतो, शेपटी पडते, मग आकार दिसणार कसा? शोच्या आधी तीन आठवडे रोज अर्धा-एक तास तसल्याच पिंजऱ्यात ठेवा, रोज एकदा पक्ष्याचं डोकं पुढे ठेवून त्याला दारातून बाहेर काढा, पंख उघडा, परत आत ठेवा, हातावर दाणा द्या. आमची मुलगी शाळेतून आल्यावर हेच करायची, कोंबडी शेवटी शेवटी स्वतः दाराशी येऊन उभी राहायला लागली.

शेवटी जजशी वाद घालू नका, विचारा. जजिंग चालू असताना नाही, संपल्यावर, कार्ड हातात घेऊन. आम्हाला दुसऱ्या वर्षी तिसरा नंबर मिळाला तेव्हा मुलीने विचारलं, पहिल्या दोघींत काय वेगळं होतं, तर त्याने तिन्ही कोंबड्यांचं पाठीवरचं एक-एक पीस बोटाने वर उचलून दाखवलं, पहिलीच्या पिसावर पट्टे अगदी कातडीपर्यंत गेले होते, आमचीचे अर्ध्यावर जाऊन राखाडी झाले होते. मुलीने ते वहीत चित्र काढून ठेवलंय, त्याच्याशी लावून बघत ती आता या वर्षीची पिल्लं निवडतेय.