कुत्र्याच्या अहवालात ‘किडनी सिस्ट’ असे लिहिले असेल तर

वयस्क कुत्र्याची सोनोग्राफी बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेली असते आणि अहवालात ‘किडनी सिस्ट’ हे शब्द अनपेक्षितपणे दिसतात. ही म्हणजे मूत्रपिंडातील पाण्याची गाठ. ती एकच, लहान आणि पातळ भिंतीची असेल आणि मूत्रपिंडाचे काम सुरळीत असेल, तर सहसा उपचारांची गरज नसते. गाठ केवढी आहे यापेक्षा मूत्रपिंड कसे चालले आहे, हे पशुवैद्यांना आधी विचारावे.

त्यासाठी एकट्या क्रिएटिनीनवर, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ द्रव्याच्या तपासणीवर, विसंबू नये, कारण मूत्रपिंडाची सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता गेल्याशिवाय ते सहसा वाढत नाही. एसडीएमए (मूत्रपिंडाच्या कामाची आणखी एक रक्ततपासणी), लघवीची घनता, लघवीतून जाणारी प्रथिने आणि रक्तदाब हेही तपासून घ्यावे. घरी पाणी मोजावे: सकाळी मापाने भांडे भरावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. वीस किलोचा कुत्रा दिवसाला दोन लिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर ते उन्हाळ्यावर ढकलू नये.

जात मात्र जरूर पाहावी. बुल टेरियरमध्ये दोन्ही मूत्रपिंडांत अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेला दोषही त्याला पुरतो, म्हणून अशा कुत्र्याची पैदास करू नये. जर्मन शेफर्डच्या, म्हणजे आपल्या ‘अल्सेशियन’च्या, पायांवर किंवा डोक्यावर कातडीत टणक गाठी हाताला लागत असतील, तर मूत्रपिंडातील ‘सिस्ट’ प्रत्यक्षात कर्करोगाची असू शकते. त्या गाठी पशुवैद्यांना आवर्जून दाखवाव्यात.

सुईने पाणी काढता येते, पण ते अनेकदा पुन्हा भरते. त्यामुळे गाठ दुखत असेल, दाब देत असेल किंवा तिच्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका असेल, तरच हा मार्ग घेतला जातो. ताप, कंबरेला हात लावू न देणे किंवा लघवीत रक्त दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. द्राक्षे आणि मनुकेही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची लस पावसाळ्यापूर्वी दिलेली असावी. आहारातील प्रथिने स्वतःच्या मनाने कमी करू नयेत. किडनीचा खास आहार आजार सिद्ध झाल्यावरच, पशुवैद्यांच्या सल्ल्याने सुरू करावा.

पुढची सोनोग्राफी पशुवैद्य सांगतील त्या मुदतीने, शक्यतो त्याच ठिकाणी करावी आणि जाताना जुना अहवाल व पाण्याची नोंदवही सोबत न्यावी.